गुहागरला कधी जावं? महिना ठरवा, मग तिथीही बघा

साताऱ्यातून समुद्राला जायचा बेत शाळेच्या सुट्ट्यांवरून ठरतो. दिवाळी, नाताळ, मे. नेमक्या याच तीन वेळी गुहागर गच्च भरलेलं असतं आणि खोलीचं भाडं दीडपट-दुपटीवर जातं. मे महिन्यात तर हवाही साथ देत नाही. साताऱ्याचं ३८ अंश कोरडं असतं, सावलीत शिरलं की बरं वाटतं. गुहागरात पारा ३३-३४ च्या पुढे सहसा जात नाही, पण हवेत एवढा ओलावा की रात्री दोरीवर टाकलेला टॉवेल सकाळीही दमटच हाताला लागतो. आकडा कमी दिसतो म्हणून मे निवडणारे इथेच फसतात.

मेच्या बाजूनं बोलायचं तर हापूस, फणस, करवंदं, रातांबे. आंब्यासाठीच जायचं असेल तर एप्रिलचा शेवट ते १५ मे एवढाच काळ धरा. त्याआधी भाव चढा असतो. त्यानंतर उष्मा वाढतो तसं साक्याचं प्रमाणही वाढतं: आंबा बाहेरून निर्दोष, कापला की आत पांढरट, भुसभुशीत, आंबूस गर. पेटी घेताना पिकलेली घेऊ नका. बंद डिकीच्या उष्णतेत आणि घाटाच्या वळणांत पिकलेला आंबा साताऱ्यापर्यंत टिकत नाही. तयार झालेला पण कडक आंबा घ्या आणि घरी गवतात अढी घाला.

जून ते ऑगस्ट समुद्र फक्त लांबून बघायचा. लाटा किनाऱ्याची वाळू ओढून नेतात आणि गुडघाभर पाण्यात उभ्या माणसाच्या पायाखालची जमीन दोन पावलांवर संपते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, म्हणजे त्या काळात ताटात आलेलं पापलेट बर्फातलं. कोयनानगरला वर्षाला साधारण ५००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपला रस्ता तिथूनच कुंभार्ली घाटात उतरतो. धुकं इतकं दाट की पुढच्या गाडीचे लाल दिवे दहा फुटांवर येईपर्यंत दिसत नाहीत, त्यात दरडींची भीती. खाली वाशिष्ठी नदीला कसा पूर येतो ते जुलै २०२१ मध्ये चिपळूणनं दाखवलंच. पावसाळी कोकण बघायचंच असेल तर जुलै सोडून सप्टेंबर घ्या. कासच्या फुलांसाठी अख्खं पुणं आपल्याकडे चढत असतं, तेव्हा आपण घाट उतरलेलं बरं! फक्त गणपतीचे दिवस टाळा. घरोघरी चाकरमानी आलेले असतात, खानावळवाल्यांच्या घरचाच गणपती असतो, एसटीत उभं राहायला जागा नसते. ऑक्टोबरला पावसाची ओल आणि कडक ऊन दोन्ही एकदम भेटतात, तो सोडून द्या.

खरा काळ म्हणजे १५ नोव्हेंबर ते २० डिसेंबर, आणि पुढे नाताळची गर्दी ओसरल्यावर ५ जानेवारी ते फेब्रुवारीअखेर. पहाटे १८ ते २० अंश, दुपारी ३१-३२. पावसाळ्यात गेलेली वाळू तोवर परत साठलेली असते. रात्री जमिनीवरून समुद्राकडे वाहणारे मतलई वारे सकाळपर्यंत चालू असतात, त्यामुळे ९-१० पर्यंत पाणी गुळगुळीत. अकराच्या सुमारास खारे वारे सुरू झाले की पृष्ठभाग खडबडीत होतो. धोपाव्याच्या फेरीबोटीनं गाडीसकट दाभोळला उतरून पुढे दापोलीजवळच्या मुरुड-कर्द्याला डॉल्फिन बघायचे असतील तर बोट सकाळीच धरा. दुपारच्या लाटांत पाठीचा पंख आणि लाटेचा कंगोरा सारखाच दिसतो.

फेब्रुवारीच्या अखेरीपासून ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं बाहेर पडू लागतात. गुहागरच्या किनाऱ्यावरही घरटी असतात. अंडी उबायला ४५ ते ६० दिवस लागतात आणि पिल्लं सकाळी किंवा संध्याकाळी उन्हं कलल्यावर सोडतात. कोणत्या दिवशी निघतील याची हमी कुणीच देत नाही, म्हणून एक नव्हे, दोन मुक्काम ठेवा. फ्लॅश बंद, घरट्यांभोवतीच्या जाळीला हात नाही. याच सुमारास शिमगाही येतो. पालख्या नाचवताना बघायच्या असतील तर खोली महिनाभर आधी सांगून ठेवा.

महिना ठरला. आता ज्याकडे कुणी बघत नाही ते: तिथी. कोकणातला जुना हिशेब आहे, तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती, दुपारी बाराला ओहोटी. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणून भरती सव्वाअकराला आणि संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओहोटी. हिशेबात अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, तेव्हा निघण्याआधी रत्नागिरी बंदराची भरतीची वेळ मोबाइलवर ताडून घ्या. पण बेत आखायला कालनिर्णय पुरतं.

लहान मुलं बरोबर असतील तर अष्टमी ते दशमी. तेव्हा भांगाची भरती असते, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही, ओढ कमी. शिवाय दुपारपासून सहापर्यंत पाणी हळूहळू वर येत असतं, म्हणजे चार ते साडेपाच डुंबायला सोयीचं. उतरत्या पाण्यात मुलांना सोडू नका. ‘पाणी मागे गेलंय, मोकळं मैदान आहे’ असं वाटतं तेव्हाही बुडण्याचे प्रकार घडतात. लाटांच्या रांगेत मध्येच एखादा पट्टा शांत आणि गढूळ दिसला तर तिथे उतरायचं नाही, पाणी तिथूनच परत समुद्रात जातं. त्यात सापडलंच कुणी, तर किनाऱ्याकडे झगडत पोहण्याऐवजी किनाऱ्याला समांतर पोहून पट्ट्याबाहेर पडायचं आणि मग वळायचं.

पौर्णिमा-अमावास्येचं उधाण वेगळ्या कामाचं. संध्याकाळी वाळू दूरवर उघडी पडते, टणक असते, सूर्यास्तापर्यंत मैलभर चालता येतं. आणि गुहागरजवळच्या हेदवीची बामणघळ, म्हणजे किनाऱ्याच्या कातळातली चीर, बघायची तर हेच दिवस. दहा हात दूर उभं राहायचं. कातळाच्या चिरेत लाट घुसते, आतली हवा कोंडते, क्षणभर काहीच होत नाही आणि मग पाणी धाडकन सरळ वर उसळतं. उधाणाच्या दिवशी अकरा ते एक या वेळात गेलात तर हे दिसेल. ओहोटीला गेलात तर नुसती ओली भेग. हेदवीच्याच दशभुजा गणपतीचं दर्शन आधी उरकून मगच खाली उतरा. शेवाळलेल्या कातळावर चप्पल घसरते, पकड असलेले बूट हवेत.

रस्ता साताऱ्याहून उंब्रज, मल्हारपेठ, पाटण, कोयनानगर, कुंभार्ली, चिपळूण, गुहागर. १७० किलोमीटरच्या आसपास, साडेचार तास धरा. नोव्हेंबरपासून गळीत हंगाम. उंब्रज-पाटण पट्ट्यात पहाटे उसाच्या डबल ट्रॉल्या चालतात, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही अंगांनी रस्त्यावर लोंबलेला. चारला निघून वेळ वाचवण्यापेक्षा सहाला, उजाडताना निघा. परत येताना चिपळूण तीनच्या आत सोडा, म्हणजे घाट आणि पाटण दोन्ही उजेडात होतं.

गुहागरातल्या व्याडेश्वराच्या देवळाजवळच्या घरगुती खानावळीत उकडीचे मोदक हवे असतील तर आदल्या रात्री माणशी किती ते सांगून ठेवा. ऐनवेळी विचारलंत तर घावनावर भागवावं लागेल. तेही काही वाईट नसतं.