कुऱ्हाडीची सही

रिटायर झाल्यापासून सासरेबुवांना वंशावळीचं याड लागलंय. कॅनडातल्या क्युबेकमधे हा उद्योग घरोघरी चालतो म्हणा, चर्चच्या नोंदी तिथे इतक्या नीट जपल्यात की बरेच जण सतराव्या शतकापर्यंत मागे जातात. तर बाबांचं बोट जाऊन टेकलं झाकारी क्लूतिये नावाच्या सुतार पूर्वजावर, आणि यंदा पॅरिसला गेलो तेव्हा दोन दिवस काढून त्याचं गाव बघायचंच असा हट्ट.

मोंपार्नासहून ट्रेनने लेगल, तिथून भाड्याची गाडी. मोर्तान्य-ओ-पेर्श हे टेकडीवरचं छोटंसं गाव. इथल्या सें-झां पॅरिशमधे १८ जुलै १६१६ ला झाकारीने सैंत द्युपों या विधवेशी लग्न केलं. ते चर्च शोधत आम्ही अर्धा तास गल्ल्या पालथ्या घातल्या, शेवटी एक आजीबाई म्हणाल्या, ते आता नाहीच! बाबांचं तोंड एवढंसं झालं.

१६३४ च्या मार्चमधे याच भागातल्या रोबेर जिफार या जमीनदाराशी त्याने करार केला, सोबत झां ग्वियों नावाचा गवंडी, तीन वर्षं काम करायचं आणि बदल्यात क्युबेकजवळ बोपोरला जमीन घ्यायची. चाळिशी उलटलेला माणूस, बायकापोरांसकट समुद्र ओलांडून गेला. पुढे या दोघांनी जिफारपुढे गुडघे टेकून मालक मानायला साफ नकार दिला, प्रकरण गव्हर्नर मोंमाग्नीपर्यंत गेलं आणि १६४६ मधे निकाल यांच्या विरोधात लागला. मला तर हाच भाग सगळ्यात आवडला, बाबा मात्र जिफारचीही बाजू घेत होते.

आईला फोनवर सांगितलं की क्लूतिये म्हणजे खिळे करणारा पण हा होता सुतार, तर म्हणे, "अगं मग लोहार की सुतार, नक्की काय ते सांग ना!"

दुसऱ्या दिवशी तुरूव्हला गेलो, ग्वियोंचा बाप्तिस्मा तिथल्या सेंतोबँ चर्चमधला. तिथे रंगीत काचांवर कॅनडाला निघालेल्या लोकांचा निरोप चितारलाय, आणि शेजारच्या काचेवर क्युबेकचे प्रीमियर ओनोरे मेर्सिये १८९१ मधे पूर्वजांचं गाव बघायला आले होते तो प्रसंग. म्हणजे आमच्यासारखे हौशी तेव्हापासून येतायत. गावात या स्थलांतराचं म्युझियम पण आहे. आणि हो, मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या अभ्यासकांनी मोजलंय, १८०० पर्यंत लग्न झालेले झाकारीचे वंशज तब्बल १०,८५०. हे मीच वाचून दाखवलं, बाबांचा तोरा जरा उतरला.

संध्याकाळी परत मोर्तान्यला जेवायला. झाकारीला लिहिता यायचं नाही, त्यामुळे कागदावर सही म्हणून तो कुऱ्हाड काढायचा. १६३६ मधे त्याच्या दहा वर्षांच्या पोरीचा, आनचा, लग्नाचा करार झाला, तो कॅनडातला सगळ्यात जुना लग्नाचा करार मानतात आणि लिहिणारा कोण तर आपला गवंडी ग्वियों. त्या सहीचा फोटो बघून बाबांनी पेपर नॅपकिनवर तशी कुऱ्हाड काढायचा प्रयत्न केला, दोनदा. दोन्ही वेळा चमचा झाला. तेवढ्यात गावाची खासियत बुदँ आलं, डुकराच्या रक्ताचं काळं सॉसेज, सोबत शिजवलेलं सफरचंद, आणि माझ्यातल्या रक्ती खाणाऱ्या कोल्हापूरकरणीने त्यांच्या आधी काटा उचलला.