सात-आठ महिने उभी राहिलेली स्नोमोबाईल सुरू होत नाही तेव्हा

२०१९ मध्ये कॅनडाने छोट्या गावांसाठी स्थलांतराची जी प्रायोगिक योजना आणली, तिच्यात उत्तर ऑन्टारियोतली थंडर बे, सडबरी, टिमिन्स, नॉर्थ बे आणि सू सेंट मरी ही गावं होती. इथे राहायला येणाऱ्या मराठी माणसाला पहिल्या-दुसऱ्या हिवाळ्यातच एक गोष्ट कळते. बर्फ पडला की निम्मं गाव स्नोमोबाईलवर, म्हणजे बर्फावर धावणाऱ्या मोटरगाडीवर असतं. तळ्यावर मासे धरायला जायचं असो की जंगलातल्या कॅम्पवर, गाडी तीच. इथले लोक तिला स्लेड म्हणतात. मोठ्या वयाची माणसं मेक कुठलाही असला तरी स्किडूच म्हणतात. स्की-डू १९५९ साली क्वेबेकमधल्या व्हाल्कूर गावात जोझेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी बाजारात आणली, त्या नावाचा हा पगडा.

नवी स्लेड महाग, म्हणून सुरुवात बहुधा जुन्या गाडीपासून होते. नव्वदच्या दशकातलं, कार्बोरेटरवालं टू-स्ट्रोक इंजिन, कुणाच्या तरी शेडमध्ये ताडपत्रीखाली दोन-तीन वर्षं उभं. डिसेंबरमध्ये ताडपत्री निघते, इंजिन सुरू करायची दोरी ओढली जाते आणि काहीच होत नाही. दोष लगेच थंडीवर जातो. प्रत्यक्षात बिघाड बहुतेक वेळा एप्रिल ते ऑक्टोबरच्या दरम्यान झालेला असतो, थंडी तो फक्त उघडा पाडते. चांगल्या स्थितीतली टू-स्ट्रोक स्लेड उणे २५ अंशांतही चोक देऊन चार-पाच ओढींत सुरू होते.

चेतक किंवा लुना चालवलेल्या पिढीला हे इंजिन परकं वाटणार नाही. पंपावर पेट्रोलबरोबर टूटी ऑइल घ्यायचो, तोच हा प्रकार, फक्त बहुतेकदा दोन सिलिंडरचा. वेगळा तेलपंप नसेल तर इंजिनाला तेल मिळतं ते पेट्रोलच्या वाटेनेच. अशा गाडीत पेट्रोल अडलं की तेलही अडलं, म्हणून यात हलगर्जी केली तर पिस्टनला ओरखडे पडतात.

दोरीला हात लावण्यापूर्वी पाच मिनिटं नुसती पाहणी करावी. हॅंडलवरचं, इंजिन बंद करायचं लाल बटण वर ओढलेलं आहे का? चालकाच्या जॅकेटला अडकवायची सुरक्षादोरी, तिची टोपी जागेवर घट्ट बसली आहे का? बॉनेटखाली पेट्रोलचा कॉक असेल तर तो उघडा आहे का? मागच्या मोसमात कॉक बंद करून ठेवणारा माणूस शहाणाच असतो, पण आठ महिन्यांनी ते लक्षात राहत नाही. काही जुन्या पोलारिस आणि यामाहा गाड्यांत थ्रॉटलच्या खटक्याजवळ एक सुरक्षास्विच असतो. थ्रॉटलची केबल सैल पडली किंवा कार्बोरेटरची स्लाइड (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणारा भाग) वर अडकली, तर हा स्विच इग्निशन तोडतो. केबलचा ढिलेपणा काढला की करंट परत येतो. हे माहीत नसल्यामुळे चांगले सीडीआय युनिट (ठिणगीसाठी करंट देणारे इलेक्ट्रॉनिक डबे) बदलले जातात, आणि ते स्वस्त नसतात.

मग उंदीर. एअरबॉक्स, सायलेन्सर आणि सीटखालची जागा ही त्यांची आवडती घरं. एअरबॉक्स उघडून आत गवत, कापूस, सीटचा फोम काही आहे का ते बघायचं, वायरींवर दातांच्या खुणा शोधायच्या. एक गोष्ट गांभीर्याने घ्यायला हवी. डिअर माऊस जातीच्या उंदरांच्या लेंड्यांतून हंताव्हायरस पसरतो. कॅनडात त्याचे रुग्ण मुख्यतः पश्चिमेकडच्या प्रांतांत आढळले आहेत, पण सवय सगळीकडे तीच ठेवावी. सुकं घरटं झाडू नये, हवेच्या झोताने उडवू नये. एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी फवारून भिजवायचं, थोडा वेळ थांबायचं आणि हातमोजे घालून ओल्या कागदाने उचलायचं.

गाडी बरीच वर्षं उभी असेल तर पहिली ओढ हळू. दोरी अजिबात हलली नाही तर झटका देऊ नका. दोन्ही प्लग काढा, प्रत्येक भोकात दोन-तीन चमचे गंज सोडवणारं तेल घाला आणि रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी बेल्ट काढून पुढचा क्लच हाताने थोडा पुढे, थोडा मागे हलवा. हलकेच सुटला तर ठीक. पाना लावून जोर करावा लागत असेल तर सिलिंडर उघडायची वेळ आलेली आहे.

इंजिन मोकळं फिरत असेल तर चोक पूर्ण द्या आणि थ्रॉटलला बोटही लावू नका. इथे अनेकजण फसतात. मिकुनी कार्बोरेटरचा हा चोक म्हणजे हवा अडवणारी पाकळी नव्हे, जादा पेट्रोल देणारी वेगळी वाट आहे. ती चालते स्लाइड बंद असताना इंजिनाच्या शोषणाने तयार होणाऱ्या ओढीवर. थ्रॉटल दाबला की ती ओढ जाते आणि चोक असून नसल्यासारखा होतो. दोरी आधी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, हाताला लागेपर्यंत हळू ओढायची, मग तिथून जोरात. सोडताना हातानेच परत न्यायची, नाही तर स्प्रिंग आणि दोरी दोन्ही जातात.

दहा ओढी झाल्या आणि इंजिन साधं खोकलंही नाही, तर थांबा. अकरावी ओढ काही नवं सांगणार नाही. प्लग काढा, ते सांगतील.

प्लग सुका असेल तर पेट्रोल पोचत नाही. ओला असेल तर पेट्रोल पोचतंय, पण ठिणगी नाही किंवा इंजिन ओव्हरफ्लो झालंय. याची खात्री करायची एक साधी रीत आहे. ताज्या पेट्रोलमध्ये ५०ला १ या प्रमाणात, म्हणजे लिटरला २० मिली, टू-स्ट्रोक ऑइल मिसळा. त्यातलं एक लहान चमचाभर, साधारण ५ मिली, प्रत्येक प्लगच्या भोकातून आत टाका, प्लग लावा, दोरी ओढा. दोन-तीन सेकंद पेटून बंद पडलं तर ठिणगी आणि कॉम्प्रेशन दोन्ही कामापुरते आहेत, शोध पेट्रोलच्या वाटेवर घ्यायचा. इथे दुकानात ईथरचे फवारे सर्रास मिळतात. टू-स्ट्रोकमध्ये ते मारू नयेत. ईथर पेटतं, पण त्यात तेल नसतं, आणि आठ महिन्यांत सुकलेला सिलिंडर तसाच कोरडा घासला जातो.

उभ्या गाडीत पेट्रोलच सर्वांत जास्त वेळा दगा देतं. त्यातला हलका, चटकन वाफ होणारा भाग महिन्यामहिन्याने उडून जातो आणि थंडीत इंजिन पेटवायला नेमका तोच लागतो. शिवाय रिफायनऱ्या उन्हाळ्यात कमी वाफ होणारं आणि हिवाळ्यात जास्त वाफ होणारं पेट्रोल विकतात. टाकीतलं जुलैचं पेट्रोल जानेवारीत मुळातच जड असतं. त्यात इथल्या साध्या पेट्रोलमध्ये साधारण १० टक्के इथेनॉल असू शकतं. इथेनॉल पाणी ओढून घेतं. पाणी ठरावीक मर्यादेपलीकडे गेलं की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. पेट्रोल उचलणारी नळीही तळाशीच असते. भारतात आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय, त्यामुळे पावसाळाभर पार्किंगमध्ये उभ्या राहणाऱ्या पुण्या-मुंबईच्या दुचाक्यांनाही हे लागू आहे.

काचेच्या बरणीत थोडं पेट्रोल काढून रात्रभर ठेवा. सकाळी तळाशी वेगळा थर दिसला, किंवा वास रंगाच्या डब्यासारखा येत असला, तर टाकी पूर्ण रिकामी करा. जुन्यात नवं मिसळून काटकसर करू नये. पेट्रोल हातपंपाने काढावं, नळी तोंडाने ओढू नये. काढलेलं पेट्रोल गटारात किंवा बर्फावर न ओतता नगरपालिकेच्या घातक कचरा केंद्रावर द्यायचं.

टाकीनंतर पंप. या गाड्यांत विजेचा पंप नसतो. क्रॅंककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद कप्प्यातल्या) दाबाच्या धक्क्यांवर एक पातळ पडदा हलतो आणि पेट्रोल ढकलतो. क्रॅंककेसकडून येणारी रबरी नळी कडक होऊन तडकली की पंप चालत नाही. पंपाची कार्बोरेटरकडे जाणारी नळी सोडून बाटलीत धरा आणि दोरी ओढा. पिचकारी उडायला हवी. उडत नसेल तर आधी नळ्या बदला, मग पंपाचा पडदा. टाकीच्या आतली नळीही तपासा. तिला वर चीर पडली की टाकी अर्धी झाल्यावर पेट्रोलऐवजी हवा ओढली जाते.

पंप ठीक, तर कार्बोरेटर उघडणं आलं, आणि जुन्या स्लेडमध्ये बहुतेकदा ते येतंच. खालच्या वाटीचे स्क्रू जपानी चौफुलीचे असतात. साधा फिलिप्स पेचकस त्यांचं डोकं खातो, म्हणून योग्य पेचकस आधी मिळवा. वाटीत हिरवट किंवा तपकिरी चिकटा दिसेल. खरा अडथळा असतो पायलट जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या छोट्या नळीत. त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरपेक्षा बारीक, आणि सुरू होताना व आयडलला इंजिन त्याच्यावरच जगतं. जेट काढून उजेडाकडे धरा. स्वच्छ गोल उजेड दिसला पाहिजे, नुसता ठिपका चालणार नाही. कार्ब क्लीनरमध्ये भिजवा, मऊ तांब्याच्या वायरची एक तार किंवा गिटारची सर्वांत बारीक तार फिरवा, मग हवेचा झोत द्या. सुई किंवा ड्रिल घातलं की भोक मोठं होतं आणि जेट कायमचं बिघडतं. हवेचा स्क्रू काढण्यापूर्वी तो किती फेरे आत जातो ते मोजून लिहून ठेवा, बसवताना तेवढेच फेरे बाहेर. वाटीतलं पेट्रोल भरलं की ते थांबवणारी फ्लोटची सुई चिकटली आहे का तेही पाहा. ती उघडी अडकली तर पेट्रोल थेट इंजिनात उतरतं.

परत बसवताना स्लाइड वर-खाली सहज पडते का, हॅंडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवूनही थ्रॉटल मागे येतो का, हे इंजिन चालू करण्यापूर्वी तपासा. अडकलेल्या थ्रॉटलने माणसं झाडावर आदळतात.

प्लग ओला निघाला असेल तर पेट्रोल बंद करा, प्लग बाहेर ठेवा, थ्रॉटल पूर्ण दाबून दहा-बारा वेळा दोरी ओढा. या वेळी प्लग टोप्यांत घालून इंजिनाच्या धातूला टेकवलेलेच हवेत. उघड्या सोडलेल्या वायरीने सीडीआय जळू शकतो. मात्र ते भोकांपासून लांब टेकवा, कारण भोकांतून पेट्रोलची वाफ येत असते. तेव्हाच ठिणगी बघून घ्या: निळी आणि ठसठशीत हवी. पिवळी, अशक्त असेल तर आधी नवा प्लग लावा. अनेक जुन्या स्लेडना एनजीकेचा बीआर९ईएस चालतो, तरी आपल्या गाडीचं पुस्तक पाहावं. नवा प्लग हाताने टेकेपर्यंत आणि मग पान्याने अर्धा ते दोन तृतीयांश फेरा. तरीही ठिणगी नाही तर प्लगची टोपी फिरवून काढा, वायर ५ मिलिमीटर छाटा, पुन्हा बसवा. लाल बटण वीस वेळा वर-खाली करा, त्याच्या संपर्कांवर हिरवा गंज चढलेला असतो. स्टेटर (इंजिनातली करंट तयार करणारी कॉइल) आणि सीडीआयचा नंबर सर्वांत शेवटी.

हे सगळं करूनही गप्प असेल तर कॉम्प्रेशन मोजा: दोन्ही प्लग बाहेर, थ्रॉटल पूर्ण उघडा, गेजचा काटा वाढायचा थांबेपर्यंत ओढी. बऱ्याच इंजिनांत १२० पीएसआयच्या आसपास आकडा येतो. दोन सिलिंडरांत १० टक्क्यांपेक्षा जास्त फरक, किंवा १००च्या खाली आकडा, म्हणजे रिंगा किंवा पिस्टन.

गाडी सुरू झाली की गॅरेजचं दार उघडं ठेवणं पुरेसं नाही, ती बाहेर काढाच. कार्बन मोनॉक्साईडला वास नसतो. पहिल्या टाकीत, तेलपंप असला तरी, ५ लिटरला १०० मिली तेल मिसळून घाला. तेलाच्या नळीत हवा अडकलेली असू शकते. चोक काढल्यावरही आयडल आपोआप चढत असेल तर स्वारी करू नका. कार्बोरेटरमागचं रबर तडकलंय किंवा उभं राहून क्रॅंकची सील सुकली आहेत, आणि त्या जादा हवेने पिस्टन वितळतो. निघण्यापूर्वी गाडीचा मागचा भाग उचलून आपटा. गाडीला पुढे ढकलणारा खालचा रबरी पट्टा जमिनीला गोठलेला असला तर क्लचचा बेल्ट जागच्या जागी जळतो.

मार्चअखेर ठेवताना टाकीत स्टॅबिलायझर (पेट्रोल लवकर खराब होऊ न देणारं द्रव्य) घालून दहा मिनिटं इंजिन चालवा, म्हणजे ते कार्बोरेटरपर्यंत पोचेल. मग फॉगिंग ऑइल (इंजिनाला आतून गंज लागू न देणारं तेल) मारून इंजिन बंद करा आणि कार्बोरेटरच्या वाट्या रिकाम्या करा. उंदरांसाठी सायलेन्सरच्या तोंडात स्टील वूल कोंबा, आणि त्याच वेळी हॅंडलला एक लाल फडकं बांधा. डिसेंबरात ते वूल आत विसरलं तर इंजिनाला श्वास सोडायला जागा उरत नाही, आणि मग ठिणगी, पेट्रोल, कॉम्प्रेशन सगळं ठीक असूनही दोरी ओढत बसावं लागतं.