आधी लगीन कोणाचं?

अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात कोच तोंडापुढे जो कागद धरतो, त्याच्याकडे एकदा लक्ष गेलं की मग चेंडूकडे राहत नाही. चांगला लांबरुंद, लॅमिनेट केलेला, दोन्ही बाजूंनी बारीक छापलेला, रंगीत चौकटींचा. उडप्याच्या हॉटेलातलं मेनूकार्डच म्हणा ना. तिसऱ्या डाउनला, म्हणजे तिसऱ्या प्रयत्नात, दोन-तीन यार्ड हवे असतील तर हा रकाना, गोलरेषा तोंडाशी आली असेल तर तो, आणि पहिल्या पंधराएक चाली आठवड्यातच ठरवून ठेवलेल्या, त्या वेगळ्या चौकटीत. ओठ कुणी वाचू नयेत म्हणून कार्ड तोंडावर, आणि त्याच्या आडून कोच क्वार्टरबॅकच्या, म्हणजे चेंडू हाती घेऊन चाल चालवणाऱ्या पोराच्या, कानात पुटपुटतो.

शिकागोत रविवारचा सामना बहुतेकदा दुपारी बाराला सुरू होतो. मराठी घरांत ती कुकर लावायची वेळ. शिट्ट्यांच्या मध्ये जेवढं ऐकू येईल तेवढ्यावर बेअर्सचा, म्हणजे इथल्या संघाचा, कोच काढावा की ठेवावा याचा निकाल लागतो, आणि हे काही एका वर्षाचं नाही. पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. माझा प्रश्न त्याच्या जरा आधीचा: आधी कोच पक्का करायचा, की आधी क्वार्टरबॅक घ्यायचा?

तर ते पुटपुटणं. दोन चालींमध्ये मिळतात ४० सेकंद. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटात स्पीकर असतो, हेल्मेटच्या मागे हिरवा ठिपका असतो तोच तो. ही सोय १९९४ पासूनची. पण घड्याळात १५ सेकंद उरले की आवाज आपोआप बंद होतो. म्हणजे कोचच्या हाती २५ सेकंदच, आणि त्यात एकमेकांवर पडलेले खेळाडू उठेपर्यंतचा वेळही धरलेला. उरलेलं सगळं पोराने करायचं. ऐकलेलं वाक्य हडलमध्ये, म्हणजे घोळक्यात, दहा जणांना न चुकता सांगायचं, रेषेवर यायचं, समोरच्या बचावातला मधला लाइनबॅकर कोण ते बोटाने दाखवायचं, पटलं नाही तर चाल बदलायची. मग स्नॅप, म्हणजे चेंडू मागे त्याच्या हातात येतो, आणि त्यानंतर चेंडू हातातून सुटायला साधारण अडीच सेकंद.

ते वाक्य कसं असतं? वेस्ट कोस्ट पद्धतीत लांबलचक, शब्दांचं. ‘स्पायडर टू वाय बनाना’ हे त्यातलं सुटसुटीत. यात वाय म्हणजे टाइट एंड, पास झेलणारा एक गडी, आणि बनाना म्हणजे त्याने केळ्यासारखा वळसा घेत पळायचं. डॉन कोरियल या कोचच्या पद्धतीत पळण्याच्या वाटांना आकडे दिलेले. विषम आकडा असेल तर बाहेर वळायचं, सम असेल तर आत. ८ म्हणजे पोस्ट, आत गोलखांबाकडे; ७ म्हणजे कॉर्नर, बाहेर कोपऱ्याकडे; ९ म्हणजे मात्र मागे न बघता सरळ पळ काढायचा. मैदान तेच, माणसं तीच, पण भाषा पार वेगळी. कोच बदलला की पोराचा शब्दकोश बदलतो. बाळबोध लिहायला नुकतं शिकलेल्या मुलाला दरवर्षी नवा मास्तर येऊन ‘आता मोडीत लिही’ म्हणाला, तर अक्षर कसं वळणार? आणि अक्षर बिघडलं की म्हणायचं, मुलातच काही नाही.

बेअर्सनी हे तीनदा केलं: नवा क्वार्टरबॅक घेतला आणि लगोलग त्याचा कोच बदलला. तीनदा!

२०१७ च्या मार्चमध्ये माइक ग्लेनन या क्वार्टरबॅकशी तीन वर्षांचा साडेचार कोटी डॉलरचा करार केला आणि एप्रिलमध्ये ड्राफ्टला, म्हणजे कॉलेजातले खेळाडू पाळीपाळीने उचलतात तिथे, तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर सरकले. एक पायरी फक्त. त्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला तिसऱ्या फेरीचे दोन पिक (निवडीच्या पाळ्या) दिले आणि चौथ्या फेरीचा एक. घेतला कोण, तर मिच ट्रुबिस्की, ज्याने कॉलेजात सुरुवातीपासून जेमतेम १३ सामने खेळले होते. पुढे सगळ्यांत गाजलेला क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स दहाव्या क्रमांकावर कॅन्सस सिटीला गेला, हे सांगायला नको. शिकागोत ते कुणी कुणाला सांगत नाही. पण मला महोम्स गेल्याचं तितकंसं वाटत नाही. तो शिकागोला आला असता तर महोम्स झालाच असता, याची खात्री काय? कॅन्सस सिटीला कोच अँडी रीड होता, खुर्ची पक्की होती, आणि पुढे ॲलेक्स स्मिथ खेळत होता. महोम्सने पहिलं वर्ष जवळजवळ सगळं बाकावर काढलं. इकडे ट्रुबिस्कीला मिळाला कोच जॉन फॉक्स, ज्याचे आधीचे दोन हंगाम ६-१० (सहा जिंकले, दहा हरले) आणि ३-१३ असे होते. फॉक्सला हंगाम संपताच नारळ. नवा कोच, नवा शब्दकोश.

२०२१ ला घेतला क्वार्टरबॅक जस्टिन फील्ड्स. तेव्हा कोच मॅट नेगीची खुर्ची डगमगत होती; वर्षभरात तोही गेला. फील्ड्सला पुढे पिट्सबर्गला पाठवलं ते सहाव्या फेरीच्या एका पिकवर, तोही अटी घातलेला. २०२४ ला केलेब विल्यम्स, ड्राफ्टमधला पहिला. कोच मॅट एबरफ्लस, आधीचे हंगाम ३-१४ आणि ७-१०. नोव्हेंबरात आधी चाली सांगणारा कोऑर्डिनेटर काढला, मग थँक्सगिव्हिंगचा तो सामना. डेट्रॉइट २३, शिकागो २०, घड्याळात ३२ सेकंद, खिशात एक टाइमआउट (घड्याळ थांबवायची संधी), विल्यम्स नुकताच आडवा झालेला. टाइमआउट मागितलाच नाही. सेकंद गळत राहिले, सहा उरले तेव्हा स्नॅप झाला, पास जमिनीवर, सामना संपला. दुसऱ्या दिवशी एबरफ्लस घरी. बेअर्सनी हंगामाच्या मधेच हेड कोच काढण्याची ही पहिलीच वेळ. कशाकशाची परंपरा जपतात माणसं.

तानाजी म्हणाला होता, आधी लगीन कोंडाण्याचं. इथेही तेच आहे. रायबाचं लग्न म्हणजे क्वार्टरबॅक. पोरगा गोड आहे, मुहूर्त जवळ आलाय, मांडव सजलाय, सगळं खरं. पण गड आधी. ज्या कोचला पुढच्या जानेवारीत ठेवणार की नाही हे मालकालाच ठाऊक नाही, त्याच्या पदरात पहिल्या फेरीचा पोरगा घालू नये. शंका असेल तर कोचला एक वर्ष आधी काढावं, नाहीतर पोरगा एक वर्ष उशिरा घ्यावा. यात पैशाचाही हिशेब आहे. विल्यम्सचा चार वर्षांचा करार सगळा मिळून साधारण ३.९ कोटी डॉलरचा. डॅलसचा क्वार्टरबॅक डॅक प्रेस्कॉट याला एका वर्षाला सरासरी ६ कोटी. एका संघाची सगळ्या खेळाडूंवरची खर्चमर्यादा २०२४ मध्ये होती २५.५४ कोटी. म्हणजे पोरगा स्वस्त असतो ती चार वर्षंच, पाचव्याचा पर्याय धरून पाच, आणि तेवढ्या काळात बाकीचा संघ भरून घ्यायचा. त्यातलं एक वर्ष मोडीत गेलं की ते गेलं.

कोच निवडतानाचे माझे प्रश्न दोनच. मुलाखतीला येणारा प्रत्येक जण जाड वही आणतो, संस्कृती बदलू म्हणतो, जबाबदारी म्हणतो. ‘माणसं घडवणारा नेता’ हे शब्द ऐकले की मी आवाज बंद करतो. पहिला प्रश्न ते ३२ सेकंद: एक टाइमआउट आहे, क्वार्टरबॅक पडलाय, बोल. दुसरा प्रश्न, तुझा कोऑर्डिनेटर चांगला निघाला आणि त्याला दुसरीकडे हेड कोच केलं, तर सोमवारी चाली कोण सांगणार? अटलांटाकडे याचं उत्तर नव्हतं. २०१६ मध्ये कोऑर्डिनेटर काइल शॅनहनच्या हाताखाली त्यांनी ५४० गुण केले, क्वार्टरबॅक मॅट रायन सर्वोत्तम खेळाडू ठरला. शॅनहन सॅन फ्रान्सिस्कोला गेला, पुढच्या हंगामात ३५३. क्वार्टरबॅक तोच, हेड कोच तोच. म्हणून कागद ज्याच्या हातात आहे, तोच हेड कोच असलेला बरा. तो पळवून नेता येत नाही.

पोराच्या निवडीबद्दल काय बोलणार? फेब्रुवारीच्या शेवटी ड्राफ्टआधीच्या चाचण्यांत इंडियानापोलिसला हाताचा पंजा मोजतात, अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत. नऊ इंचांखाली भरला की चेहरे पडतात. क्वार्टरबॅक जो बरो याचा २०२० ला बरोबर नऊ भरला, तेव्हा त्यानेच आपण निवृत्तीच्या विचारात असल्याची थट्टा केली, आणि सिनसिनाटीने त्याला पहिला उचलला. आता बारा मिनिटांत पन्नास प्रश्नांची बुद्धिचाचणीही बंद झाली, बरं झालं. मी असतो तर एकच बघितलं असतं. अंगावर माणूस आला की हा काय करतो? चेंडू फेकून देतो की मागेमागे पळत पंधरा यार्ड घालवतो? ही खोड कॉलेजातून बरोबर येते. सॅक झाला, म्हणजे चेंडू फेकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडलं, की आपण त्याला राखणाऱ्या फळीला, लाइनला, शिव्या देतो, पण त्यातले बरेचसे क्वार्टरबॅक स्वतःहून ओढवून घेतो.

विल्यम्स २०२४ मध्ये ६८ वेळा आडवा झाला. पुढच्या हंगामात २४ वेळा. माझ्या मताला पुष्टी द्यायला आकडा झकास आहे, पण प्रामाणिकपणे सांगायचं तर मधल्या मार्चमध्ये लाइनचे मधले तिन्ही गडी बदलले होते. थुनी, जॅक्सन आणि डालमन. आणि कोचही. त्या थँक्सगिव्हिंगला समोरच्या साइडलाइनवर डेट्रॉइटच्या चालींचं कार्ड धरून उभा होता बेन जॉन्सन, आणि दोनेक महिन्यांत तोच शिकागोचा कोच झाला. ५-१२ चा संघ ११-६ वर गेला, आपल्या गटात, डिव्हिजनमध्ये, पहिला आला. चेंडू मागे देणाऱ्या सेंटरला चिकटून उभं राहणं, बचावाकडे पाठ करून धावकाला चेंडू दिल्याचा बहाणा करणं, हे सगळं पोराला त्याने नव्याने घोकायला लावलं. म्हणजे इथेही लग्न आधी आणि गड मागून. उलटाच क्रम, तरी जमलं.

आणि न्यू इंग्लंडचं काय? तिथला तेव्हाचा कोच बिल बेलिचिक बचावाचा माणूस, त्याआधी क्लीव्हलंडने काढून टाकलेला. क्वार्टरबॅक टॉम ब्रेडी, २००० च्या ड्राफ्टमधला १९९ वा. त्याच्याआधी न्यू इंग्लंडने स्वतःच सहा जण घेतले होते. कोऑर्डिनेटर येत गेले, जात राहिले, माझ्या दुसऱ्या प्रश्नाची कुणाला आठवणही झाली नसेल. तरी सहा सुपर बोल, म्हणजे सहा अजिंक्यपदं.

असू दे. तिसरी शिट्टी झाली, गॅस बारीक करायला हवा.