काचेची ऑर्डर देताना: सूत, टफन आणि ‘डबल ग्लास’

साधी काच मोठी आली तर जागेवर कापता येते. टफन, म्हणजे भट्टीत तापवून कडक केलेल्या काचेला ती मुभा नाही, म्हणून कागदावरचा शब्द न् शब्द महत्त्वाचा.

पहिली गडबड सुताची. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिमी. मिस्त्री ‘२४ इंच ७ सूत’ सांगतो, कोणीतरी घाईत ‘२४.७’ लिहितो. हवी असते ६३१.८ मिमी, कापली जाते ६२७.४. दोष कोणाचा यावर मग तासभर वाद! फॅक्टरीला मिमीच द्या, आणि आकडा गाळ्याचा (काच बसायची मोकळी जागा) आहे की काचेचा, तेही लिहा. गाळा रुंदीत तीन ठिकाणी, उंचीत तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी माप धरायचं. कर्ण जुळले नाहीत तर गाळा गुण्यात, म्हणजे काटकोनात नाही.

टफन करताना काच ६०० अंश सेल्सिअसच्या वर तापवून हवेच्या झोतांनी झटकन थंड करतात. बाहेरचा थर दाबाखाली राहतो, आतला ताणाखाली. हा तोल मोडला की सगळ्या काचेचा चुरा. म्हणून भोकं, खाचा, कडांची घिसाई सगळं भट्टीआधी. भोकाचा व्यास निदान जाडीइतका, आणि भोकापासून कडेपर्यंत जाडीच्या दुप्पट अंतर हवंच. टफन कधी कोणी हात न लावताही फुटते. आत निकेल सल्फाइडचा कण असू शकतो. उंचावरच्या काचेसाठी ‘हीट सोक’, म्हणजे टफन झालेली काच फॅक्टरीत पुन्हा तापवून पाहणं, मागायचं ते यासाठी: अशा काचा बहुतेक फॅक्टरीतच फुटून जातात.

‘डबल ग्लास’ हा शब्द तर ऑर्डरमध्ये नकोच. कोणाला त्यातून लॅमिनेटेड (मधे फिल्म घालून चिकटवलेल्या दोन काचा) अभिप्रेत असते, कोणाला डीजीयू (मधे बंद पोकळी ठेवलेल्या दोन काचा). लॅमिनेटेडमध्ये ५ + ०.७६ पीव्हीबी (ती प्लास्टिक फिल्म) + ५ म्हणजे १०.७६ मिमी, फुटली तरी तुकडे फिल्मला चिकटून राहतात. डीजीयूत ६-१२-६ म्हणजे मधे १२ मिमी पोकळी, एकूण २४. फ्रेमची खाच १२ मिमीची असेल तर दुसरी बसणारच नाही.

दाराचं वजनही आधी काढा: दर चौरस मीटरला, दर मिमी जाडीला २.५ किलो. ३ × ७ फुटांचं १२ मिमी दार ५८ किलोंच्या वर जातं. फ्लोअर स्प्रिंग (दार पेलणारी, आपोआप बंद करणारी जमिनीतली स्प्रिंग) त्या हिशेबानं घ्यायची.

आणि काचेच्या कडा भरायचं सिलिकॉन ‘न्यूट्रल’च. आंबट वासाचं स्वस्त सिलिकॉन लॅमिनेटेडच्या कडेला पीव्हीबी खराब करतं, आरशामागचा थरही खातं.