६०० एमएमला फोटो सॉफ्ट (धूसर) येण्याचं कारण सापडलं, लेन्स निर्दोष आहे!

सापडलं एकदाचं! होळीच्या सुट्टीत कर्नाटकातल्या मुळकीला काढलेले सर्फिंगचे फोटो ६०० एमएमला सॉफ्ट आले म्हणून मी सिग्मा १५०-६०० कंटेम्पररी या झूम लेन्सच्या मागे हात धुऊन लागलो होतो. फ्रंट फोकस (फोकस विषयाच्या अलीकडे पडणं) असणार असं धरून लेन्सचा फोकस दुरुस्त करायचा सिग्माचा डॉक लावला, झूम असल्यामुळे चार फोकल लेंग्थ गुणिले चार अंतरं अशा १६ व्हॅल्यू भरायच्या, त्यात तीन रविवार गेले. घरात टार्गेटवर एकदम कडक रिझल्ट, तरी मनात शंका होतीच.

काल पुण्यात वेताळ टेकडीवर घारींवर पॅनिंगची (उडत्या पक्ष्याबरोबर कॅमेरा फिरवत फोटो काढायची) प्रॅक्टिस करायला गेलो. पावणेसातला लांबच्या एका गच्चीवरच्या टाकीचा फोटो काढला, टाकीवरची अक्षरंसुद्धा वाचता येत होती. अकराला निघताना सहज तोच परत काढला तर टाकीची कड नागमोडी! फोकस मॅन्युअलला लॉक करून सलग दहा फ्रेमचा बर्स्ट मारला, तिसरी फ्रेम चांगली, चौथी गेली, सातवी परत चांगली. फोकस तर जागचा हललाच नव्हता, म्हणजे हलत होती ती मधली हवा.

घरी येऊन मुळकीच्या रॉ फाइल्स वेळेनुसार लावल्या. ७ ते ८ च्या सगळ्या सुरेख, एकीत तर बोर्डवरच्या मेणाचे बारीक गोळे दिसतायत, ती फ्रेम मी दहा वेळा तरी झूम करून बघितली असेल. साडेनऊनंतरच्या सगळ्या गेलेल्या. तेव्हा मी मागे नारळाखाली सावलीत बसलो होतो, लेन्स जमिनीपासून जेमतेम दोन फूट आणि पुढे सगळी तापलेली कोरडी वाळू. त्या गरम हवेतून प्रकाश वेडावाकडा वाकत येतो आणि फोकल लेंग्थ जितकी जास्त तितकं ते मोठं दिसतं, १/२००० शटर ठेवा नाहीतर ओएस (लेन्समधलं थरथर रोखणारं स्टॅबिलायझेशन) बंद करा, काही उपयोग नाही.

एका दुकानदारानं 'ही लेन्सच खराब निघाली आहे, मोठा प्राइम (झूम नसलेली लेन्स) घ्या' सांगितलं होतं, म्हणून सेकंडहँड ५०० एफ/४ साठी पैसे साठवत होतो. ते कॅन्सल. त्याऐवजी कॅनन १००-४०० मार्क टू भाड्यानं घेतोय, सिग्मापेक्षा तीनेकशे ग्रॅम हलकी, माझ्या कॅनन ९०डी कॅमेऱ्याच्या लहान सेन्सरवर ६४० सारखी पडते, आणि ओल्या वाळूवर पाण्याच्या कडेला उभं राहून काढायचं. फक्त तीही झूम करताना बाहेर येते आणि खारी हवा आत ओढते, त्या बाबतीत सोनीची २००-६०० मला खरंच आवडते, लांबी बदलतच नाही.

आणि हे लिहिताना सुचलं, मुळकीऐवजी केरळातलं वर्कला? तिथे कड्यावरून काढलं तर वाळूलगतची हवा बरीचशी खालीच राहील. पण वरून लाट चपटी दिसणार. कोणी तिथून काढलेत का? लाटेची उंची किती मरते सांगा, मग तिकीट काढतो. तोवर शनिवारी १००-४०० घेऊन त्याच टाकीवर, पावणेसात आणि अकरा.