प्रत्येक आठी नाराजीची नसते

आज दिवसभर व्हिडिओ मीटिंगमधले चौकटीतले चेहरे बघून हे लिहावंसं वाटलं. समोरच्याच्या भुवया जवळ आल्या की आपण ‘नाराज दिसतोय’ म्हणून मोकळे होतो. पण भुवया खाली आणि आत ओढणारा स्नायू (कॉरुगेटर) डोकं लढवताना, बारीक अक्षर वाचताना, डोळ्यांवर उजेड आल्यावरही तसाच आक्रसतो. विचारात अडथळा आला की आठी पडते, हे डार्विनने १८७२ मध्येच नोंदवलंय.

म्हणून चेहऱ्याचा खालचा भागही बघा. ओठ घट्ट मिटलेत, तोंडाचे कोपरे खाली गेलेत, तर नाराजीची शक्यता जास्त. नाकाला सुरकुत्या पडून वरचा ओठ उचलला गेला, तर ती बहुधा किळस. आडव्या आठ्या वेगळ्याच. त्या भुवया वर गेल्याने पडतात, आश्चर्याने किंवा काळजीने.

वेळही महत्त्वाची. आठी तुमचं वाक्य ऐकून पडली, की स्क्रीनवर आकड्यांचा तक्ता उघडल्यावर? काहींच्या भुवयांमध्ये तर वयामुळे उभी रेघ कायमचीच असते, बिचारे उगाच खडूस ठरतात.

शंका आली तर सरळ विचारावं: ‘पटत नाहीये, की नीट दिसत नाहीये?’