पांढरा कराटे ड्रेस, लाल माती आणि भर पावसातली बेल्ट एक्झाम – माझा अनुभव

भर जुलैत बेल्ट एक्झाम ठेवायची आयडिया ज्या कुणाची असेल ना, त्याला एकदा आमच्या अंगणातून पांढरी पँट घालून चालायला लावलं पाहिजे. आम्ही मालवणपासून थोडं आतल्या बाजूला राहतो. घर चिऱ्याचं, अंगण लाल, रस्त्यापर्यंतची पाणंद लाल आणि पोराचा कराटेचा ड्रेस वरपासून खालपर्यंत पांढरा. त्याची यलोवरून ऑरेंज बेल्टला जायची परीक्षा होती, सरांचा ग्रुपवर मेसेज आला की ड्रेस स्वच्छ आणि इस्त्री केलेला पाहिजे नाहीतर बसू देणार नाही, आणि इकडे पाऊस असा लागलेला की उन्हाचं तोंडच दिसत नव्हतं.

सासूबाईंनी तर ड्रेस पहिल्यांदा घरात आला तेव्हाच निकाल लावलेला. "गो बाय, ह्या पावसात पांढरो कपडो? आणि सुकतलो खंय, माझ्या डोक्यार?"

मी सरांना सरळ विचारलं, काळा चालेल का? ऑनलाइन काळे मिळतात, निळे मिळतात, अगदी लाल पण मिळतात. सर म्हणाले रोजच्या प्रॅक्टिसला हवा तो घाला, ट्रॅकपँट घातली तरी चालेल, पण एक्झाम आणि टुर्नामेंटला पांढराच. का, तर नियम. आता नियम म्हटलं की मला खाज सुटते, त्यामुळे घरी येऊन वाचत बसले. मला वाटलेलं की पांढरा म्हणजे शुद्धता, साधना, असलं काहीतरी असेल. पण गोष्ट त्यापेक्षा बरीच साधी निघाली. हा ड्रेस मुळात कराटेचा नाहीच, ज्युदोचा आहे. ज्युदो सुरू करणारे जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा काढली, पकडापकडीत फाटणार नाही असा जाड सुती कपडा तिथे रुळला, न रंगवलेला, म्हणून पांढरट. कराटे जिथलं, त्या जपानच्या ओकिनावा बेटावर कराटेवाले तोपर्यंत साध्या घरच्या कपड्यात, बऱ्याचदा उघड्या अंगानेच सराव करायचे. 1922 साली तिथले कराटे शिक्षक गिचिन फुनाकोशी टोकियोला आले, त्यांनी कानोंसमोर प्रात्यक्षिक केलं आणि पुढे ज्युदोच्या ड्रेसवरूनच कराटेचा हलका ड्रेस आला. म्हणजे आपले कोल्हापूरचे पैलवान लाल मातीत लंगोट लावून उतरतात ते किती शहाणपणाचं आहे बघा, धुवायला वीतभर कापड!

बरं, ज्या ज्युदोने पांढरा दिला त्याच ज्युदोने पुढे निळा आणला. दोघेही पांढऱ्यात असले की लोळताना कोण कुठला ते पंचांना आणि टीव्हीवर बघणाऱ्यांना कळेना. डच ज्युदो खेळाडू अँटोन गेसिंक, 1964 च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये जपानी खेळाडूला हरवून गोल्ड घेतलेला माणूस, त्याने 1986 मध्ये निळ्या ड्रेसची कल्पना मांडली. जपानचा कडक विरोध होता, तरी 1997 मध्ये मंजूर झाली. हे मी सरांना मोठ्या उत्साहाने सांगितलं की बघा, रंग बदलता येतो. ते हसले आणि म्हणाले, मॅडम, एक्झाम रविवारी आहे.

मग काय, धुणं. तर ज्यांना हे करायचंय त्यांच्यासाठी सांगते. मातीचा डाग ओला असताना घासायचा नाही, आधी वाळू द्यायचा, मग ब्रशने झाडायचा. ओल्यावर घासलं की माती धाग्यात आत जाते. आमची माती जांभ्या दगडाची, तिचा लाल रंग म्हणजे लोहाचा गंज असतो साधारण, त्यामुळे ब्लीचने तो जात नाही, उलट क्लोरीनच्या ब्लीचने गंजाचा डाग जास्त पक्का बसतो. आणि ड्रेस पॉलिस्टर मिक्स असेल (स्वस्तातले बहुतेक असतात) तर तो ब्लीचने पिवळा पण पडतो. मातीच्या लाल डागावर उपाय म्हणजे लिंबू आणि मीठ. डागावर मीठ टाकायचं, वर लिंबू पिळायचं, तसंच ठेवायचं आणि ऊन असेल तर उन्हात. ऊन! जुलैत! मी पडवीच्या कडेला, पागोळ्यांपासून हातभर आत खुर्ची मांडून तिच्यावर पँट पसरली आणि जरा उघडीप दिसली की खुर्चीसकट अंगणात, थेंब पडला की परत आत, अख्खी दुपार हेच चाललेलं. पँटच्या गुडघ्यावरचा डाग चहाच्या रंगावरून बिस्किटाच्या रंगावर आला, मग जवळून बघितलं तरच दिसेल इतका फिका झाला. पूर्ण नाही गेला. काजूच्या बोंडाचा एक डाग मात्र जॅकेटच्या बाहीवर मे महिन्यापासून आहे, त्याला कुणी हात लावू शकत नाही. बोंडाचा डाग गेलाय असं कुणी सांगितलं तर मी नाही विश्वास ठेवणार.

वाळवणं हे वेगळंच प्रकरण. चुलीवरच्या दोरीवर टाकला तर धुराचा वास आणि पिवळी झाक. कपाटात जरा दमट ठेवला तर काखेत आणि कॉलरच्या शिवणीत बुरशीचे काळे ठिपके, आणि कॉलर तर सगळ्यात जाड, आठ-दहा शिलाया मारलेली, ती आतून ओलीच राहते. शेवटी फॅनखाली हँगरवर, कॉलर उलटी करून, मधून इस्त्री, परत फॅन. इस्त्रीने वाळवायचं नसतं म्हणे, पण ते सांगणारे देशावर राहत असतील. लाईट दोनदा गेली त्याचा वेगळा हिशोब.

शेजारची मुलगी तायक्वांदोला जाते, तिची आई म्हणाली आमचं पण पांढरंच गं. फक्त त्यांचा टॉप व्ही गळ्याचा, डोक्यातून घालायचा, ब्लॅक बेल्टवाल्यांचा गळा काळा आणि पंधराच्या आतल्या मुलांना ब्लॅकच्या जागी पूम मिळतं त्यांचा लाल-काळा. मला तो प्रकार आवडला, निदान मळतो तो गळ्याचा भाग तरी गडद.

रविवारी ड्रेस प्लास्टिकच्या पिशवीत, त्यावर दुसरी पिशवी, पोरगा हाफपँटवर. हॉलच्या व्हरांड्यात सगळ्या आया पोरांना एका पायावर उभं करून पँट चढवत होत्या, बॉटम जमिनीला लागू नये म्हणून. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ड्रेसकडे ढुंकूनही बघितलं नाही हो. स्टान्स बघितले, काता म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम बघितला, एकाला परत करायला लावला. आमचा पास.

आणि मग ऑरेंज बेल्ट आला, आणि तो रंग सोडतो! पहिल्याच क्लासला घाम आणि दमट हवा, जॅकेटवर कमरेला नारिंगी पट्टा उमटला. बेल्ट धुवायचा नसतो, मेहनत धुतली जाते, असं काही जण मानतात. मी नाही मानत. हे रंगीत बेल्टच मुळात तसे नवे, युरोपात 1930 च्या दशकात कावाइशी नावाच्या ज्युदो शिक्षकाने पॅरिसमध्ये ते वापरात आणले, विद्यार्थ्यांना पुढची पायरी दिसत राहावी म्हणून. त्यात धुण्याबद्दल पाप-पुण्य काही नाही. नवा बेल्ट गार पाण्यात एकटाच भिजवा, पाणी रंगीत यायचं थांबेपर्यंत पाणी बदला, मगच ड्रेसवर बांधा. जॅकेटवर उमटलेला रंग लगेच धुतला तर जातो, इस्त्री फिरवलीत तर बसला.

आता सर म्हणतायत दिवाळीनंतर कुडाळला टुर्नामेंट. तिथे स्वतःचा ऑरेंज बेल्ट चालत नाही, एकाला लाल आणि दुसऱ्याला निळा बांधतात, ग्लोव्हज पण त्याच रंगाचे. कुठला वाट्याला येईल ते ड्रॉ कसा निघतो त्यावर, म्हणजे दोन्ही घ्यायचे. घेतले. लाल वाला आत्ता बादलीत आहे, तिसरं पाणी पण गुलाबीच आलंय.